कोरड्यास काय होतं?

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. ओसरीवर मुळ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "राती कोरड्यास काय व्हतं?"

भाकरीला लावून जे काही खायचं, मग ती भाजी असो नाहीतर आमटी, त्याला आमच्या मराठवाड्यात कोरड्यास म्हणतात. प्रश्न कळला. भाड्याच्या खोलीशी त्याचा काय संबंध, ते कळेना.

"बटाटा," मी म्हणालो.

"अन् परवा?"

"बटाटाच."

"त्याच्या आदल्या राती?"

मला आठवेना. खरं तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. वसमतच्या वीज उपकेंद्रात मी नवीनच ऑपरेटर म्हणून लागलो होतो. आम्ही तिघं उपकेंद्राच्या मागच्या शेडमध्ये राहायचो आणि रोज कुणीतरी बटाटा चिरायचं. बटाटा टिकतो, कुठंही मिळतो आणि कसाही केला तरी त्याला कुणी नाव ठेवत नाही.

बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "खोली देते," त्या म्हणाल्या. "पण सोमवार ते शनिवार सांजचं जेवण माझ्यासंगं. अन् बुधवार तुझा."

"माझा म्हणजे?"

"म्हणजे बुधवारी माळवं तू आणायचं अन् कोरड्यास तूच करायचं. भाकरी मी टाकीन. जमत असंल तर सामान घेऊन ये."

म्हातारीला फुकटचा स्वयंपाकी पाहिजे आहे, असं मला वाटलं. पण खोलीला स्वतंत्र नळ होता आणि खिडकी रस्त्याकडं उघडत होती. मी सामान आणलं आणि पुढची तीन वर्षं तिथून हललो नाही.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या. पती पूर्वीच गेलेले, एकुलता एक मुलगा पुण्याला. अंगानं लहानखुऱ्या, चालणं मात्र असं की मला शेजारून पळावं लागायचं. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बाजारातली पोरं हसायची. बाईंचं म्हणणं साधं होतं, "चपलीनं माणूस हळू चालतं, अन् तवर चांगला दोडका दुसरंच कोणी घेऊन जातं." हातात कायम काळी छत्री. तिच्या टोकानं ढिगाच्या तळाची वांगी वर काढायच्या. मग विकणाऱ्यालाच विचारायच्या, "तू राती काय खाल्लं?" त्यानं त्याच्या टोपलीतलं खाल्लेलं नसलं की पुढं निघायच्या.

घरात एक नियम होता. एकदा केलेली भाजी पंधरा दिवस पुन्हा करायची नाही. रविवार मोकळा. त्या दिवशी कोंबडी करा, नाहीतर उपाशी राहा. पण सोमवार ते शनिवार सहा रात्री सहा भाज्या, आणि पुढच्या आठवड्यात आणखी सहा. हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मी एकदा गवार आणली. त्या म्हणाल्या, परत कर. मी म्हणालो, "बाई, गवार होऊन महिना झाला."

"अकरा दिवस झाले. शनिवार व्हता. तू दोनदा मीठ मागून घेतलं."

मी गवार परत केली.

बटाट्याला त्या घरात पाहुण्याचा मान होता. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या सोबत यायचं, एकट्यानं यायचं नाही. मेथीसोबत चालायचा, वांग्यासोबत चालायचा. मुलानं हौसेनं घेऊन दिलेला फ्रिज होता, पण त्यात माळवं ठेवायला बंदी. "थंडीत बसवल्यावर सगळ्या भाज्यांची चव सारखीच होऊन राहते," असं त्यांचं मत. त्यामुळं फ्रिजमध्ये ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी आणि शाळेतल्या जुन्या फायली असायच्या. तो चालू नव्हता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते पडवळाचं. बाईंना पडवळ मुळीच आवडायचं नाही. तरी दर पंधरा-वीस दिवसांनी त्या स्वतः जाऊन पडवळ आणायच्या, चण्याची डाळ घालून करायच्या, आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून ताट संपवायच्या. मी विचारलं, "आवडत नाही तर करता काहून?"

"आज आवडत न्हाई म्हणून हे सोडलं, तर उद्या कारलं सुटंल. परवा शेपू सुटंल. मंग हात जातो तो बटाट्यावर." पाणी पिऊन त्या पुढं म्हणाल्या, "लई सोपं हाय सोडणं."

रस्त्यात कुणीही भेटलं की बरे आहात का, वगैरे नाही. कोरड्यास काय होतं, हाच प्रश्न. पोस्टमनला, बँकेच्या शिपायाला, दारात 'जयभीम बाई' म्हणून थांबणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना. एकदा तर आमच्या उपकेंद्राचे साहेब त्यांच्याकडं घराच्या वायरिंगचं बघायला आले, त्यांनाही. साहेब गोंधळले आणि खरं बोलून गेले, "काल भांडण झालं होतं, काहीच केलं नव्हतं." वायरिंग बाजूला राहिलं आणि बाईंनी त्यांना तासभर बसवून घेतलं.

मला वाटायचं, वयानं आलेला चाळा आहे. तो चाळा नव्हता, हे मला सुमननं सांगितलं.

सुमन बाजारात माळवं विकायची. पस्तीस-छत्तीसची असेल. पहिल्या काही बुधवारांत मी तिच्याकडं भेंडी घ्यायला गेलो, तर तिनं भेंडीवरचा माझा हात बाजूला केला. "तुमी बाईकडं राहता न्हं? ही कालची हाय. बाईला न्हाई चालत." गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बोलत बसली.

ती चौथीत असतानाची गोष्ट. बाई तिच्या वर्गावर होत्या. रोज सकाळी हजेरी झाली की बाई एकेका लेकराला विचारायच्या, राती कोरड्यास काय होतं? लेकरं सांगायची, वांगं, चुका, अंबाडी. एकदा तपासणीला साहेब आले. ते म्हणाले, हा कोणता तास चालू आहे? बाई म्हणाल्या, भूगोल.

"अन् मी रोज सांगू राहिले, मिरची," सुमन म्हणाली. "आठ दिवस झाले, रोज मिरची. पोरं हसायची. नवव्या दिवशी शाळा सुटली अन् बाई माझ्या मागं मागं घरी आल्या."

घरी सुमनची आई आठ-नऊ दिवसांपासून अंथरुणाला खिळली होती. उसाची मोळी चढवताना पडली आणि कंबर मोडली. बाप तिकडंच, तोडीवर. नऊ वर्षांची सुमन भाकरी थापायची आणि मिरची ठेचायची, कारण तिला तेवढंच येत होतं. कुणाला सांगायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं आणि आईला सांगवत नव्हतं.

"बाई रडल्या न्हाईत, का काही न्हाई. बूट काढले, चुलीपशी बसल्या. पिशवीतून दोडका काढला. म्हणल्या, इळी आण. मला दोडका चिरायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी आईला गाडीत घालून नांदेडला नेलं. अन् मंग रोज सांजच्याला येऊन एकेक शिकवायच्या. अकरा दिवस. अकरा भाज्या." तिनं माझ्या पिशवीत न विचारता चवळीच्या शेंगा टाकल्या. "पाढे इसरले मी सगळे. बाईसमोर म्हणू नका."

त्या दिवसानंतर बाईंनी कुणाला तो प्रश्न विचारला की मी उत्तर देणाऱ्याचं तोंड बघायला लागलो. बाई तेच बघत असायच्या.

हे सगळं ऐकून मी लगेच सुधारलो असं नाही. त्यानंतरच्याच एका बुधवारी उपकेंद्रात बिघाड झाला, मला यायला उशीर झाला, आणि मी खानावळीतून मिक्स भाजी बांधून आणली. पातेल्यात ओतली, वर कोथिंबीर टाकली, पिशवी शेजारच्या कचऱ्यात टाकली. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात न घालता खाली ठेवला.

"हे कोणी केलं?"

मी पातेल्याकडं बघितलं.

"भूक लई लागली तुला?"

"हो."

"मला बी लागली. जा, काय भेटतं ते आण. मी थांबते."

बाजार उठला होता. सुमन टोपली डोक्यावर घेऊन घराकडं निघाली होती. तिच्याकडं दोन गिलकी उरली होती. मी ती आणली, सोलली, चिरली. कढईभर दिसत होती. मी खूश झालो. गिलकं शिजल्यावर किती उरतं, हे मला माहीत नव्हतं. झाकण काढलं तर तळाशी दोन चमचे भाजी. बाईंनी ती बरोबर अर्धी केली. एक चमचा भाजी आणि दोन भाकरी आम्ही दोघांनी खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "मीठ बराबर हाय." खानावळीची भाजी सकाळी त्यांनी शेजारच्या म्हशीला घातली. म्हशीनं खाल्ली, हे मला मुद्दाम येऊन सांगितलं.

पण त्यांनी मला खरं पकडलं ते तरोट्याच्या वेळी.

माझं घर पुसेगावच्या पुढं, तांड्यावर. पावसाळा लागला की बांधाबांधावर तरोटा उगवतो. कुणी पेरत नाही, कुणी विकत घेत नाही. त्याचा कोवळा पाला आई ओच्यात भरून आणायची आणि लसूण-मिरचीवर परतायची. लहानपणी आम्ही तो महिना-महिना खाल्ला. शाळेच्या डब्यात तो दिसला की मुलं म्हणायची, हा गुरांचं खातो. तेव्हापासून मी डबा शाळेमागं जाऊन खायचो. नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवलं होतं, तरोटा पुन्हा तोंडात घालायचा नाही.

एका रविवारी घरी गेलो. परत निघताना आईनं ओल्या फडक्यात तरोट्याचं गाठोडं बांधून दिलं. "तुझ्या बाईला दे." मी ते हिंगोलीच्या स्टँडवर बाकाखाली ठेवलं आणि वसमतच्या गाडीत बसलो.

सोमवारी जेवताना आईचा फोन आला. आई फोनवर असं बोलते की ओसरीभर ऐकू जातं. आमची घरची बोली बाईंना सगळी कळत नव्हती, पण तरोटा हा शब्द तीनदा आला. मी फोन ठेवला.

"तरोटा कुठाय?" बाई म्हणाल्या.

"हिंगोलीच्या स्टँडवर."

"इसरला?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "ठेवून आलो."

त्यांनी दुसरी भाकरी घेतली, खाल्ली, ताट उचललं. अख्खा आठवडा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या रविवारी सकाळी सहाला माझ्या दारावर छत्रीचं टोक वाजलं. बाई बूट घालून उभ्या होत्या.

"चल. तुझ्या आईकडं जायचं हाय."

मी नाना कारणं सांगितली. रस्ता चिखलाचा आहे, गाडी तांड्यापर्यंत जात नाही, दीड कोस चालावं लागतं. त्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

आई त्यांना बघून घाबरली. घरात मुख्याध्यापक बाई आल्यात, म्हणून तिनं शेजारून साखर आणायला माणूस धाडला. बाई म्हणाल्या, "चहा मागून. आदी तरोटा दावा." मग त्या दोघी बांधावर गेल्या आणि मी मागं पिशवी धरून. बाई वाकून खुडायला लागल्या. कोवळा तेवढाच, वरचे दोन-तीन डिरे, एका हातानं. आई बघतच राहिली.

"बाई, तुमाला येतंय की."

"येतंय ना."

"पण तुमी काहून तकलीफ घेतली? हे गरिबाचं खाणं हाय."

बाई खुडायच्या थांबल्या. कमरेला हात लावून उभ्या राहिल्या.

"माझी आई दुसऱ्याच्या बांधावरून हेच खुडून आणायची," त्या म्हणाल्या. "कुणी हाकलायचं, कुणी खुडू द्यायचं. आमी चौघं भावंडं ह्याच्यावर मोठी झालो. मंग मी मास्तरीण झाले. पहिला पगार झाला त्या दिवशी आईला म्हणलं, आता हे घरात आणायचं न्हाई. तिनं आणलं न्हाई. माझ्या घरी पंधरा वर्षं राहिली, एकदा बी आणलं न्हाई. शेवटच्या आजारात मला म्हणाली, तरोटा उगवला असंल न्हं. मी धावत गेले. पण भर उन्हाळा व्हता. कुठून उगवणार?"

आईनं हातातला पाला मी धरलेल्या पिशवीत टाकला आणि पुन्हा खुडायला वाकली. बाईही वाकल्या. मग मीही पिशवी खाली ठेवली.

त्या दुपारी चुलीपुढं बसून आम्ही तिघांनी तरोटा खाल्ला. नोकरी लागल्यापासून मी पहिल्यांदाच खाल्ला. येताना दोन गाठोडी होती आणि ती बाईंनी गाडीत मांडीवर धरली होती. त्यातलं एक सुमनला दिलं. पुढच्या आठवड्यात तिच्या टोपलीत तरोटा विकायला होता. आजूबाजूच्या दोन बायकांनी तिला हसून घेतलं. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला बाईंच्या पायांवर सूज यायला लागली. बूट घालताना नाड्या सैल सोडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, वय हाय. एक दिवस बाजारातून येताना दोनदा रस्त्यात बसल्या, तेव्हा मी ऐकलं नाही, नांदेडला घेऊन गेलो. मूत्रपिंडं बरीच निकामी झाली होती. डॉक्टर चांगले होते, नीट समजावून सांगत होते. शेवटी त्यांनी पथ्याचा कागद दिला. सगळ्या पालेभाज्या बंद. टोमॅटो बंद, शेवगा बंद, सुरण बंद, रताळं बंद. ज्या चालतात त्याही चिरून, उकळून, पाणी फेकून द्यायचं आणि मग करायच्या. मीठ नावाला.

परत येताना गाडीत बाई तो कागद वाचत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. ज्या बाईनं साठ भाज्या सांभाळल्या, तिच्या हातात असा कागद यावा, याचा मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"बटाटा बी बंद हाय ह्याच्यात," बाई म्हणाल्या. "डॉक्टर हुशार दिसतोय."

मला हसू आलं नाही. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. दुधी, दोडका, गिलकं, तोंडलं, कोबी, पडवळ. पडवळाला थोडा वेळ थांबल्या.

"सहा राहिल्या," त्या म्हणाल्या. "बरं झालं. वार बी सहाच हायेत."

पंधरा दिवसांचा नियम त्यांनी त्याच संध्याकाळी बदलला. आता एक भाजी आठवड्यातून एकदा. सोमवारी दुधी किसून, पुढच्या सोमवारी फोडी करून, त्याच्या पुढच्या सोमवारी नुसत्या जिऱ्याच्या फोडणीत. दोडक्याला एकदा लसूण, एकदा ओवा. पाणी फेकून दिलेल्या भाजीला चव कशी आणायची, यावर त्या नववीच्या मुलीसारखा अभ्यास करायच्या. शुक्रवार पडवळाचा. तो त्यांनी एकदाही चुकवला नाही.

मी म्हणालो, "बाई, मीपण तुमच्यासारखंच खातो. एकच भाजी करू."

त्या चिडल्या. तीन वर्षांत माझ्यावर खऱ्या चिडल्या त्या एवढ्याच वेळी. "माझं दुखणं तुझ्या ताटात काहून? तुझे पंधरा दिवस हायेत तसेच चालतील. अन् माझ्यासमोर बसून खायचं. लपून खाल्लं तर खोली रिकामी कर."

तेव्हापासून रोज दोन कोरड्यास व्हायला लागली. त्यांचं मी करायचो, माझं त्या करायच्या. चाखून बघता येत नव्हतं, तर वासावरून ओळखायच्या, मेथी अजून दोन मिनिटं हवी, अंबाडीत गूळ कमी पडला. त्या कधी चुकल्या नाहीत.

मुलगा पुण्याहून आला. शांत, सज्जन माणूस. आईला घेऊन जायचं म्हणून गाडी करूनच आला होता. तिथं स्वयंपाकाला बाई आहे, पथ्याचा डबा घरी येतो, सगळी सोय आहे. बाई म्हणाल्या, "डब्यात रोज काय असतं?"

त्यानं फोन करून विचारलं. "दुधी," तो म्हणाला.

"रोज?"

"पथ्याला तोच सगळ्यात सुरक्षित आहे, आई."

"मंग मी हितं बरी हाय."

तो दोन दिवस राहिला, रागावला, आणि जाताना मला बाजूला घेऊन माझा हात बराच वेळ धरून उभा राहिला.

पुढच्या पावसाळ्यात डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, नांदेडला, चार-चार तास. मी त्या दिवसांची रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवस मोकळा मिळायचा. आठ खुर्च्यांची खोली. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे शिंपी असायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पहिल्याच दिवशी मशीन सुरू झालं आणि बाईंनी मान वळवून विचारलं, "चाचा, रातको सालन क्या था?" चाचा म्हणाले, "सालन कैसा बाई, चार महिने से उबली हुई लौकी." बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं चक्कर आली. त्या विचार करत होत्या.

डॉक्टर फेरीवर आले. बाईंनी विचारलं, "हे मशीन रक्त साफ करून राहिलं ना?"

"हो."

"मंग मशीन नुकतं सुरू झालेलं असताना अर्धी वाटी पालेभाजी खाल्ली, तर ते बी साफ करंल का न्हाई?"

डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. बाई दर वेळी विचारत राहिल्या. नवीन शब्द नाहीत, वाद नाही, विनवणी नाही, तोच प्रश्न. महिनाभरानं डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट दोनदा बघितले आणि म्हणाले, "अर्धी वाटी. पहिल्या तासात. पाणी काढून केलेली. आणि घरी अजिबात नाही."

"चाचाला बी?"

"त्यांचे रिपोर्ट बघून सांगतो."

चाचांचेही रिपोर्ट बरे निघाले. आठवड्याला दोन वेळा, अर्धी वाटी. बाईंनी त्यावर आठ महिन्यांचा बेत आखला. कोणत्या गुरुवारी चुका कोवळा असेल, हरभऱ्याचा पाला कधी निघेल, करडई किती दिवस मिळेल. सुमन दोन्ही दिवशी पहाटे दारात जुडी ठेवून जायची. मी करायचो, दोन छोट्या डब्यांत भरायचो. बाईंच्या डाव्या हातात सुया असायच्या, म्हणून त्या उजव्या हातानं, चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच घ्यायच्या. अर्धी वाटी त्यांना अर्धा तास पुरायची. चाचा दोन घासांत संपवायचे आणि बाईंकडं बघत बसायचे. "जल्दी क्या है चाचा," बाई म्हणायच्या.

हिवाळा सरता सरता त्या फार थकल्या. अन्न उतरेना. एका गुरुवारी मी हरभऱ्याची भाजी नेली होती, त्या मोसमातली शेवटची. मशीन सुरू झालं. मी डबा उघडून समोर धरला. त्यांनी वास घेतला.

"तू खा," त्या म्हणाल्या.

"बाई, एक घास."

"न्हाई जात. तू खा, मी बघते."

मी त्यांच्या समोर बसून अर्धी वाटी भाजी खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. डबा संपेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"कशी झाली?"

"चांगली झाली."

"पाणी जास्त काढलं तू. पुढच्या बारीला थोडं राहू दे. चाचाला चव लागंल."

रविवारी पहाटे बाई गेल्या. मुलगा आला, पाहुणे आले, बाजारातले लोक आले. सुमन दारात उभी राहिली आणि आत यायला तयार होईना. शेवटी माझी आई तांड्यावरून आली, तिनं तिला हाताला धरून आत नेलं. आमच्या उपकेंद्राचे साहेब तीन तास उन्हात उभे होते. सोमवार कधी गेला मला कळलं नाही.

गुरुवारची रात्रपाळी आधीच मागून घेतलेली होती, दिवस मोकळा होता. मी पहाटे उठलो. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडलं तर पायरीवर ओल्या फडक्यात करडईच्या पाल्याची जुडी होती. मी भाजी निवडली, उकळली, पाणी काढलं, थोडं राहू दिलं. एकच डबा भरला आणि नांदेडची गाडी पकडली.

बाईंच्या खुर्चीवर दुसरा माणूस होता. तरुण होता, नवीनच होता, छताकडं बघत पडला होता. चाचांनी मला दारातच बघितलं. त्यांना कुणी सांगितलं होतं का, माहीत नाही. मी शेजारी स्टूल ओढलं आणि डबा उघडून त्यांच्या उजव्या हाताशी धरला. त्यांनी आधी वास घेतला. मग चमचा घेतला, टोकावर मावेल एवढंच घेतलं आणि तोंडात घातलं. आज त्यांना घाई नव्हती. अर्धी वाटी संपायला अर्धा तास लागला. नर्स दोनदा येऊन बघून गेली.

डबा रिकामा झाल्यावर त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. "पीर को क्या लाते?" त्यांनी विचारलं.

पीर म्हणजे सोमवार. मी अजून पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. त्या दिवशीची रात्रपाळीही मागितली नव्हती.

"चाकवत," मी म्हणालो.